पौर्वात्य मन, पाश्चात्य मन आणि दाभोळचा हिशेब

व्यवस्थापनशास्त्र या नावाची जी विद्या आज पदवीधर तरुणांना भरमसाट शुल्क आकारून शिकविली जाते, तिच्यात एक प्रकरण हमखास आढळते. त्या प्रकरणाचे सार दोन रकान्यांच्या एका तक्त्यात मावते. एका रकान्याच्या माथ्यावर ‘पूर्व’ आणि दुसऱ्याच्या माथ्यावर ‘पश्चिम’ असे लिहिलेले असते. पाश्चात्य मनुष्य व्यक्तिवादी, पौर्वात्य समूहवादी. पाश्चात्याची निष्ठा कराराच्या कलमांवर, पौर्वात्याची माणसामाणसांतील संबंधांवर. पाश्चात्य घड्याळाने चालतो, पौर्वात्य ऋतुमानाने. एकाचा विचार सरळ रेषेत जातो, दुसऱ्याचा वर्तुळात फिरतो. मग उपदेश येतो. परदेशी कंपनीने पूर्वेकडील देशात पाऊल टाकताना तेथील मन जाणून घ्यावे, म्हणजे तंटे उद्‌भवणार नाहीत आणि उद्भवले तर ते ‘सांस्कृतिक गैरसमज’ म्हणून सामोपचाराने मिटविता येतील.

हे प्रकरण निरुपद्रवी दिसते. परकीयाने आपल्या चालीरीती समजून घ्याव्या यात गैर काय, असेच कोणाही सज्जन वाचकाला वाटेल. परंतु गुहागर तालुक्यातील हेदवीसारख्या गावात उभे राहून हा तक्ता वाचला, तर त्याच्या दोन्ही रकान्यांतील शाई पुसट होऊ लागते. दशभुज गणेशाच्या देवळासाठी आणि बामणघळीत उसळणाऱ्या समुद्रासाठी हे गाव ठाऊक आहे. पण याच तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाशिष्ठीच्या खाडीच्या मुखाशी, अंजनवेल आणि वेलदूरच्या परिसरात विसाव्या शतकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाचा फार मोठा प्रयोग झाला. त्या प्रयोगाचे नाव ‘दाभोळ पॉवर कंपनी’. दाभोळ हे गाव खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्पाला नाव एका तीराचे आणि जमीन दुसऱ्या तीराची, ही गोष्टही त्या व्यवहाराला साजेशीच होती.

या प्रयोगाचा हिशेब मांडण्यापूर्वी मूळ सिद्धान्ताला न्याय देणे आवश्यक आहे. पूर्व आणि पश्चिम यांच्या विचारपद्धतींत भेद असतात, हे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड निस्बेट यांनी २००३ साली या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक प्रयोग पुष्कळ गाजला. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना पाण्यात पोहणाऱ्या माशांची दृश्ये दाखविण्यात आली. अमेरिकन विद्यार्थ्यांनी मुख्यतः मोठ्या माशाचे वर्णन केले. जपानी विद्यार्थ्यांनी पाणी, वनस्पती, तळाचे दगड अशा पार्श्वभूमीचा उल्लेख अधिक केला. एकाची दृष्टी वस्तूवर, दुसऱ्याची परिस्थितीवर, असा निष्कर्ष निघाला.

तथापि खरा प्रश्न यानंतरचा आहे. हा भेद रक्तातून येतो, धर्मग्रंथांतून येतो, की पोट भरण्याच्या रीतीतून येतो? निस्बेट यांनीच आयसे उस्कुल आणि शिनोबु कितायामा यांच्यासमवेत २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे उत्तर सापडते. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या पूर्व किनारपट्टीवर एकाच प्रदेशात, एकाच राष्ट्रात राहणारे शेतकरी, मच्छीमार आणि मेंढपाळ यांची त्यांनी तुलना केली. ज्यांना शेजाऱ्यांशी सहकार्य केल्यावाचून गत्यंतर नाही असे शेतकरी आणि मच्छीमार परिस्थितीकडे समग्रतेने पाहणारे आढळले. एकट्याने निर्णय घेणारे मेंढपाळ तितके समग्र दृष्टीचे नव्हते. याचा अर्थ असा की, ज्याला ‘पौर्वात्य मन’ म्हटले जाते त्याचा मोठा भाग उत्पादनाच्या पद्धतीने घडविलेला असतो. माणूस कसा जगतो यावर तो कसा विचार करतो हे पुष्कळसे अवलंबून असते, हे समाजवादी विचारवंत शंभर-दीडशे वर्षे सांगत आले. तेच आता प्रयोगशाळेतून नव्या परिभाषेत परत येत आहे.

कोकणच्या माणसाला यासाठी तुर्कस्तानपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या किनाऱ्यावर रापणीची रीत आहे. किनाऱ्यावरून अनेक हातांनी जाळे ओढायचे आणि जे मिळेल त्याचे वाटे करायचे. जाळ्याच्या मालकीचा वाटा, श्रमाचा वाटा, सारे ठरलेले. यात ‘पूर्वेचा आत्मा’ शोधायला कोणी निघाला, तर त्याला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या देवमासे मारणाऱ्या जहाजांकडे बोट दाखवावे लागेल. त्या जहाजांवरही खलाशांना ठरावीक वेतन नसे, मिळकतीतला वाटा असे. समुद्र लहरी आहे, मासळीची शाश्वती नाही, म्हणून जोखीम वाटून घेतली जाते. ही रीत समुद्राने शिकविली. समुद्राला पूर्व-पश्चिम ठाऊक नाही.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा भेद एवढा बोकाळला, त्याला एक ऐतिहासिक कारण घडले. १९७०च्या दशकात तेलाच्या किमती भडकल्या, अमेरिकेची मोटार उद्योगातील मक्तेदारी डळमळली आणि जपानी गाड्या अमेरिकेच्या रस्त्यांवर धावू लागल्या. पराभवाचे स्पष्टीकरण हवे होते. १९८१ साली विल्यम औची यांचे ‘थिअरी झेड’ आले आणि जपानी कंपनी म्हणजे एक कुटुंब, जन्मभराची नोकरी, एकमताने निर्णय, असे चित्र जगभर पसरले. त्याच्या आदल्याच वर्षी डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या संस्कृतींना गुण देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. भारतही त्यात होता. परंतु ही मोजणी मुख्यतः आयबीएम या एकाच अमेरिकन कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेली होती. ती कंपनी परकीय भागभांडवलावरील निर्बंध अमान्य करून १९७८ साली भारतातून निघून गेली. तिच्या शहरी कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांनी दिलेली उत्तरे मात्र भारतीय संस्कृतीचे मोजमाप म्हणून अजून वर्गावर्गांतून शिकविली जातात. हेदवीचा आंबा बागायतदार किंवा वेलदूरची मासळी विकणारी स्त्री त्या प्रश्नावल्यांत कोठेच नव्हती.

जपानचे उदाहरण तर या सिद्धान्ताच्या मुळावरच येते. जपानी गुणवत्तेचा गाजावाजा ज्या संख्याशास्त्रीय नियंत्रणामुळे झाला, ते शिकविण्यासाठी १९५० साली जपानी शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेने एडवर्ड्‌स डेमिंग या अमेरिकन माणसाला पाचारण केले. जपानमधील गुणवत्तेचा श्रेष्ठ पुरस्कार आजही त्याच्याच नावाने दिला जातो. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचे शिल्पकार ताइइची ओनो यांनी लागेल तेवढाच माल लागेल तेव्हा आणण्याच्या कल्पनेचे श्रेय अमेरिकेतील सुपरमार्केटला दिले आहे. आणि जन्मभराची नोकरी? ती काही कन्फ्यूशियसच्या वचनांतून उगवली नाही. १९५० साली टोयोटात कामगारकपातीविरुद्ध मोठा संप झाला, संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. १९५३ साली निसानमध्ये लढाऊ कामगार संघटना मोडून काढून कंपनीला अनुकूल संघटना उभी करण्यात आली. नोकरीच्या हमीच्या बदल्यात कामगारांची शांतता, असा तो संघर्षातून निघालेला तह होता. तोही मोठ्या कंपन्यांतील कायम पुरुष कामगारांपुरता. लहान कारखान्यांतील, हंगामी आणि स्त्री कामगार त्या ‘कुटुंबा’च्या उंबरठ्याबाहेरच राहिले. तह विसरला गेला आणि संस्कृती तेवढी शिल्लक उरली.

आपल्याकडेही ही हातचलाखी नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रभागी होता. यंत्रे लँकेशायरची, सुरुवातीच्या काळात तंत्रज्ञ आणि खात्यांचे अधिकारीही पुष्कळदा इंग्रज, भांडवल बव्हंशी देशी आणि श्रम कोकणातले. त्या काळातील आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन ते हेच. कोकणातला कामगार घड्याळाला बांधून घेत नाही, शेतीच्या दिवसांत गावी पळतो, शिस्त त्याच्या स्वभावातच नाही, अशी तक्रार गिरणी व्यवस्थापनाकडून वारंवार होत असे. आता १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांनी काय मागितले ते पाहावे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची मर्यादा, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि कामावर दुखापत झालेल्यास भरपाई. घड्याळ, दिनदर्शिका आणि नियम यांचा आग्रह धरणारा येथे कोण होता? तो ‘ऋतुमानाने चालणारा’ पौर्वात्य कामगारच होता. पगाराची तारीख पाळण्याची कटकट ज्यांना नको होती ते मात्र आधुनिक उद्योगाचे प्रतिनिधी. जॉबरमार्फत नातेगोते आणि ओळखी पाहून होणारी भरती, दारात ताटकळणारे बदली कामगार, ही ‘पौर्वात्य’ व्यवस्था गिरण्यांनी पोसली, कारण मागणी घटताच माणसे कमी करणे तिच्यामुळे सोपे जात होते.

या पार्श्वभूमीवर दाभोळचा हिशेब मांडला पाहिजे. देशाच्या विद्युत धोरणाचे दार १९९१ नंतर परकीय भांडवलाला उघडले गेले आणि जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ व अमेरिकेतील एन्रॉन यांच्यात सामंजस्य करार झाला. कंपनीचे प्रतिनिधी मुंबईत उतरल्यापासून अवघ्या काही दिवसांत, निविदा न मागविता, तो झाला. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के भाग होते. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. तत्पूर्वी त्याच वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्या योग्य नसल्याचे सांगून कर्ज नाकारले होते. समाजवाद्यांनी ज्या बँकेवर आयुष्यभर टीका केली, तिच्याच अर्थशास्त्रज्ञांना हे गणित पटले नव्हते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या गणितात अवघड असे काही नव्हते. मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागणार होता, आणि देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. समजा, शंभर युनिट विजेसाठी शंभर रुपये स्थिर आकार ठरला. शंभरच्या शंभर युनिट उचलली तर प्रत्येकी एक रुपया पडतो. गरज पन्नासचीच असेल तर प्रत्येकी दोन रुपये पडतात. इंधनाचा खर्च त्यावर वेगळा. शिवाय १९९३ अखेर एका डॉलरला सुमारे ३१ रुपये पडत, ते २००१ मध्ये सुमारे ४७ झाले. म्हणजे मागणी घटली तरी भुर्दंड मंडळावर, रुपया घसरला तरी मंडळावर, नाफ्था महागला तरी मंडळावर. जोखमीचा एकही वाटा मालकाच्या पदरात पडणार नाही, अशी ही रचना होती. रापणीच्या जाळ्यावर असा वाटा कोणी मागितला असता, तर किनाऱ्यावरच्या माणसांनी त्याला दोरीला हात लावू दिला नसता.

कंपनीच्या एका उपाध्यक्षांनी १९९५ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितले की, प्रकल्पाच्या उभारणीपूर्व प्रक्रियेत भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यावर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. या विधानावरून येथे गदारोळ झाला आणि हे पैसे लाच म्हणून गेले काय, असा प्रश्न विचारला गेला. कंपनीने तो आरोप नाकारला. तो वाद बाजूस ठेवला तरी त्या शब्दामागील गृहीत उरतेच. पूर्वेला शिकवावे लागते, पश्चिम शिकविते. प्रत्यक्षात शिकवणीची गरज कोणाला होती? पुण्याच्या ‘प्रयास’ गटातील अभियंत्यांनी कराराचे आकडे मांडून दाखविले. मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्यांनी ते आकडे सभांतून लोकांपर्यंत नेले. विरोधकांचा मुख्य प्रश्न ‘आमच्या संस्कृतीचे काय’ असा नव्हता, ‘एका युनिटला किती पैसे’ असा होता. तक्त्याप्रमाणे ज्यांनी भावनेने आणि संबंधांनी विचार करायचा, ते त्रैराशिक मांडत होते. ज्यांनी नियम, कागद आणि स्पर्धा यांवर भिस्त ठेवायची, ते निविदेवाचून, मंत्रालयातील भेटीगाठींतून काम उरकीत होते.

पुढचा इतिहास परिचित आहे. मार्च १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला आणि जानेवारी १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर तो अधिक मोठ्या स्वरूपात, २,१८४ मेगावॅटचा, स्वीकारला. अवघे तेरा दिवस टिकलेल्या केंद्र सरकारने मे १९९६ मध्ये त्याच्या प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले आणि स्त्रियांना घरातून ओढून मारहाण झाली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संघटनांच्या अहवालांत त्याची नोंद आहे. बंदोबस्तावरील पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यांतील दुसऱ्या संघटनेच्या १९९९च्या अहवालात नमूद आहे. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. २००० साली काही महिन्यांत तिचा दर युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला. मे २००१ मध्ये संच थांबले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली, आणि कराराच्या पावित्र्यावर भारताला प्रवचने देणाऱ्या या कंपनीचे स्वतःचे हिशेबच खोटे असल्याचे जगापुढे आले. २००५ साली सार्वजनिक क्षेत्रातील एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी स्थापून प्रकल्प ताब्यात घ्यावा लागला. खासगी भांडवलाच्या कार्यक्षमतेचा गौरव ज्या प्रकल्पाने सुरू झाला, त्याचे ओझे अखेर जनतेच्या पैशावर आले.

हे सर्व घडल्यावर व्यवस्थापनाच्या अभ्यासवर्गांत दाभोळ हे एक आदर्श ‘प्रकरण’ म्हणून शिकविले जाऊ लागले. स्थानिक राजकारण न ओळखणे, भारतीयांच्या दृष्टीने करार हा संबंधाचा केवळ आरंभ असतो हे न जाणणे, असे धडे त्यातून काढले जातात. वेलदूरच्या स्त्रियांना झालेली मारहाण ही संस्कृतीची गैरसमजूत होती काय? स्थिर आकार हा गैरसमज होता काय? दोन्ही बाजूंना आपापला स्वार्थ पुरता समजला होता. फक्त तिसरी बाजू, म्हणजे वीजबिल भरणारा ग्राहक, जमीन देणारा शेतकरी आणि खाडीवर जगणारा मच्छीमार, टेबलाशी बसविली गेली नव्हती.

येथे या साऱ्या चर्चेचे मर्म आहे. एखादी कंपनी सीमा ओलांडते तेव्हा आपल्या ‘संस्कृती’तील कोणता भाग बरोबर आणते आणि कोणता मायदेशी ठेवून येते? अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून वीजदरांवर राज्यांचे आयोग देखरेख करीत आले आहेत. त्यांच्यापुढे जाहीर सुनावण्या होतात, ग्राहक साक्षी देतात. महाराष्ट्रात असा स्वतंत्र आयोग १९९९ साली आला, तोवर करार होऊन गेला होता. कराराचे पावित्र्य जहाजात चढले, जाहीर सुनावणी मात्र धक्क्यावरच राहिली. जर्मनीत १९७६च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात कामगार प्रतिनिधींना निम्म्या जागा मिळाल्या. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जर्मन कारखाने आले, त्यांच्यासोबत जर्मन काटेकोरपणाची कीर्तीही आली. पण मंडळावरील प्रतिनिधी निवडण्याचा हक्क जर्मनीतील कामगारांपुरताच राहिला, आणि २०१७ साली युरोपीय न्यायालयानेही त्या मर्यादेला बाध आणला नाही. कोकणातून चाकणला गेलेल्या मुलाच्या वाट्याला काटेकोरपणा येतो, मताधिकार येत नाही.

जपानच्या बाबतीत तेच. सुझुकीबरोबरच्या करारातून १९८३ साली गुडगावला मारुतीची गाडी बाहेर पडू लागली, तेव्हा साहेब आणि कामगार यांचा एकच गणवेश व एकच उपाहारगृह पाहून देश चकित झाला होता. ती चांगलीच गोष्ट होती. आपल्या कारखान्यांतील साहेबशाहीला आणि तिच्यामागील जातीय उच्चनीचतेला तिने एक चपराक दिली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु सकाळचा व्यायाम आला, जन्मभराच्या नोकरीची हमी सर्वांपर्यंत आली नाही. कंत्राटी कामगारांची संख्या फुगत गेली. जुलै २०१२ मध्ये मानेसरच्या कारखान्यात हिंसाचार होऊन एका व्यवस्थापकाचा बळी गेला, ही घटना निंद्यच होती. मात्र तिच्या आधीच्या वर्षभर तेथे संघटनेच्या मान्यतेसाठी आणि कंत्राटी पद्धतीविरुद्ध झगडा चालू होता, हे विसरून तिला केवळ सांस्कृतिक विसंवाद म्हणणे ही आत्मवंचना होय.

याचा अर्थ पूर्व निष्पाप आणि पश्चिम पापी, असा काढला तर तोच तक्ता उलटा टांगल्यासारखे होईल. ‘आमची परंपरा सहकार्याची आहे’ हे वाक्य देशी मालकांच्याही फार सोयीचे आहे. गीतेतील निष्काम कर्मयोग कामगाराला ऐकविताना भागधारकाच्या लाभांशाला मात्र निष्काम होण्याचा आग्रह कोणी करीत नाही. कोकणातल्या गावकीचे समूहजीवन खरेच. पण मानपानाच्या वादातून कुटुंबांना वाळीत टाकण्याचे प्रकारही त्याच गावकीने केले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो याच समूहवादाच्या काळ्या बाजूमुळे. वाळीत पडलेल्या माणसाला समूहापेक्षा व्यक्तीचा हक्क श्रेष्ठ वाटतो, आणि ते त्याने पश्चिमेकडून शिकलेले नसते.

भांडवलाची दिशा बदलली तरी रीत बदलत नाही, याची साक्ष हा एकच जिल्हा देतो. अंजनवेलला कंपनी अमेरिकन होती. जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी २००९ साली बोलणी झाली ती फ्रान्सच्या अरेवाशी. राजापूर तालुक्यातील नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१८ साली पुढे आले ते सौदी अरेबिया आणि अबू धाबी, म्हणजे अस्सल पूर्व. तिन्ही ठिकाणी निर्णय आधी झाला आणि ग्रामस्थांना विचारणे नंतर आले. नाणारची भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली ती कोणा सल्लागाराच्या सांस्कृतिक जाणिवेने नव्हे, ग्रामस्थांच्या संघटित विरोधामुळे आणि निवडणुकीच्या सान्निध्यामुळे.

तेव्हा आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाकडे पाहताना ‘मन पूर्वेचे की पश्चिमेचे’ हा प्रश्न मागे ठेवून तीन साधे प्रश्न पुढे आणले पाहिजेत. जोखीम कोणाच्या माथी आहे? हिशेब कोणाला पाहता येतो? आणि निर्णयात कोणाचे मत मोजले जाते? या तिन्ही प्रश्नांसाठी आपल्याला परदेशी तत्त्वज्ञान आयात करावे लागणार नाही. जर्मनीने कामगारांना पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा दिल्या त्याच वर्षी, १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे मार्गदर्शक तत्त्व समाविष्ट झाले. तेथे तो कायदा अंमलात आला. येथे १९९० साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले, ते कायदा होऊ शकले नाही. दाभोळचा वीजखरेदी करार ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, एप्रिल १९९३ पासून, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. पण अंजनवेलच्या जमिनीचा आणि खाडीचा विचार ह्यूस्टन आणि मुंबई येथेच झाला.

या उणिवेचे खापर पौर्वात्य स्वभावावर फोडता येणार नाही. ती राजकीय इच्छाशक्तीची उणीव आहे आणि राजकारणानेच भरून काढावी लागेल. परकीय कंपनीशी होणारा प्रत्येक सार्वजनिक करार सहीपूर्वी मराठीत प्रसिद्ध झाला पाहिजे आणि त्यावर तालुक्याच्या ठिकाणी जाहीर सुनावणी झाली पाहिजे. ज्या कंपनीच्या मायदेशात कामगारांना संचालनात स्थान आहे, तिने ते येथेही दिले पाहिजे. जमिनीचा आणि किनाऱ्याचा प्रश्न असेल तेथे ग्रामसभेचा ठराव शोभेपुरता न राहता बंधनकारक ठरला पाहिजे. या मागण्या भाबड्या आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी १८८४ साली रविवारची सुट्टीही अशीच भाबडी मागणी समजली गेली होती हे आठवावे. सहा वर्षांनी, १८९० साली, ती मिळाली. त्या सुट्टीवर हक्क सांगणाऱ्या माणसांपैकी कितीतरी याच किनाऱ्यावरून बोटीने मुंबईला गेलेली होती. त्यांचे मन पूर्वेचे होते की पश्चिमेचे, हे कोणी तपासले नाही. त्यांनी आपल्या श्रमाचा हिशेब मागितला होता, आणि तो मागण्याचा अधिकार त्यांच्या नातवंडा-पतवंडांकडे अद्याप शाबूत आहे.